राखेनं घासलेले हात

विडी सोडायची कशी, हे मला जयपुरात भेटेल त्यानं सांगितलं. कशासाठी सोडायची, तेही सांगितलं. फुप्फुसं, हृदय, बायको, पोरगी. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही मनाला लागत नव्हतं. कारण माझ्याकडं न सोडण्याचं एक कारण होतं, आणि ते त्या सगळ्यांच्या कारणांपेक्षा जुनं होतं.

मी सिन्नरचा. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी न विचारताही सांगतो, कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. मी लहान असतानाच ते गेले. पुढचं सगळं आईनं विड्यांवर केलं. सकाळी कामं आवरली की ती उंबऱ्याजवळ उजेडाकडं तोंड करून बसायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं, कोपऱ्यात तंबाखूच्या भुकटीचा ढीग. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, आणि नखानं तोंड दुमडून बंद. शाळेतून आलो की तोंडं बंद करायला मीही बसायचो. पाढे तिथंच पाठ झाले, गांधीजींवरचा निबंध तिथंच लिहिला. माझ्या वह्या-पुस्तकांना इतका वास यायचा, की नाशिकला कॉलेजात गेल्यावर शेजारच्या पोरानं मला विचारलं होतं, तुझ्या वडिलांचं पानाचं दुकान आहे का. मी म्हटलं, नाही, आई विड्या वळते. मी हे कधी लपवलं नाही. लपवायचं काय त्यात?

तर तंबाखूचा वास म्हणजे आमचं घर. आईच्या पदराला तो होता, गोधडीला होता, डब्यातल्या भाकरीलाही होता. लहानपणी ती मला घास भरवायची त्याची एक आठवण आहे. तिचा हात नेहमी ओला असायचा, आणि गार. ओठांना तो गारवा लागायचा आणि मागोमाग वास यायचा. हात ओला का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आईचा हात ओलाच असतो, एवढंच माहीत.

आणि एक. आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बायका घरटी होत्या, पण त्यांच्यातली ओढणारी एकही नव्हती. सिन्नरला होतो तोवर, कॉलेज संपलं तोवर, मीही तोंडाला लावली नाही. विडीवाल्यांची पोरं पाळण्यातूनच ओढत येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खोटं आहे.

मला लागली ती जयपुरात. विमा कंपनीत अधिकारी म्हणून माझी तिकडं बदली झाली, दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. लग्न ठरलं होतं पण झालं नव्हतं. वैशाली नगरात एक खोली घेतली आणि झालाना भागातल्या ऑफिसात रुजू झालो. मे महिना होता. दुपारी रस्त्यावर वाळू उडायची, ओठ फुटायचे. मराठी बोलायला दिवसभरात कुणी भेटत नसे. एक बँकेतलं कुटुंब होतं, पण ते पुण्याचं, आणि त्यांच्या मुलांशी मराठी बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची. मग मी ऑफिस सुटलं की समोरच्या थडीवर जाऊन बसायचो. थडी म्हणजे तिकडची चहाची टपरी. कुल्हडात चहा, बाकड्यावर शिळं वर्तमानपत्र.

तिथं एकदा आमच्या ऑफिसचा चौकीदार माझ्या शेजारी येऊन बसला, कानामागची विडी काढली आणि पेटवण्याआधी बोटांत फिरवून मऊ केली. बस, तेवढंच. पानातून तो सुका, कडवट, किंचित गोडसर वास सुटला, आणि मी जयपूरच्या उन्हात बसल्या जागी उंबऱ्यापाशी जाऊन पोचलो. मी त्याच्याकडं एक मागितली. तो चपापला. साहेब लोक सिगरेट ओढतात.

खरं सांगायचं तर जळत्या विडीचा वास वेगळा आणि कोऱ्या विडीचा वेगळा. मला हवा होता तो कोऱ्या विडीचा. पण हातात विडी धरून नुसता हुंगत बसलेला माणूस वेडा दिसतो. म्हणून पेटवली. पुढं पुढं हुंगणं कमी झालं आणि पेटवणं वाढलं, हे काही वेगळं सांगायला नको.

ऑफिसात थट्टा व्हायची. अफसर हो गये और बीड़ी पीते हो, असं एक वरिष्ठ दरवेळी म्हणायचे आणि त्यांचं सिगरेटचं पाकीट पुढं करायचे. मी घेत नसे. म्हणायचो, साहेब, या विडीनं मला बी.कॉम. केलं, तुमच्या सिगरेटनं माझ्यासाठी काय केलंय? सगळे हसायचे, आणि मला ते आवडायचं. नवीन बंडल फोडलं की मी आधी एकेक विडी फिरवून बघायचो. दोरा कसा बांधलाय, तोंड किती घट्ट दुमडलंय. जयपुरात मिळणारी विडी सिन्नरची नव्हे, हे मला कळत होतं. तरी बघायचो. कुणाच्या तरी आईचा हात असेल, असं वाटायचं.

पुढं लग्न झालं, खोलीचं घर झालं, मुलगी झाली. खोकलाही झाला. डिसेंबरच्या थंडीत सकाळी उठलो की पाच-दहा मिनिटं मला बोलता यायचं नाही. बायको नाशिकची, शांत स्वभावाची. तिनं आधी सांगितलं, मग अबोला धरला, मग पुन्हा सांगितलं. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. बडीशेप चघळली, लवंग धरली, थडीवर जायचं बंद करून दुसऱ्या रस्त्यानं घरी गेलो. आठवडाभर जमायचं. मग संध्याकाळी कुठून तरी वास यायचा आणि मी पुन्हा थडीवर असायचो. ती तलफ होती का घरची आठवण, मला वेगळं करता येत नव्हतं. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला विडी सोडायची नाही, तुम्हाला आई सोडायची नाही." मी म्हटलं, मग बरोबरच आहे की. कुणी सोडतं का आईला?

ती उठून आत गेली. माझा मुद्दा बिनतोड होता, असं मला तेव्हा वाटलं.

एक केलं मात्र. घरात कधी ओढली नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जायचो. खाली आलो की बेसिनवर साबणानं हात धुवायचे, कोपरापर्यंत, दोनदा. चूळ भरायची, बडीशेप खायची, आणि मगच मुलीला उचलायचं. तिच्या अंगाला तो वास लागू नये, एवढं मला कळत होतं. मुलगी हुशार. नळ वाहायला लागला की हिंदी-मराठी एक करून आईला सांगायची, "मम्मा, पापा छतवरून आले."

आईला मी कितीदा तरी म्हटलं, चल जयपूरला. ती यायची नाही. एवढ्या लांब गाडीत बसवत नाही म्हणायची. शेवटी डोळ्यांनी तिचं काम थांबवलं. दोरा दिसेना, विड्या सैल व्हायला लागल्या, कारखान्यात तपासणारा माणूस अर्ध्याच्या वर बाजूला काढायला लागला. तेव्हा ती आली. दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो. स्टेशनवरून ऑटोत चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, बाजूनं येताना ते गुलाबी रंगाचे दरवाजे बघून म्हणाली, "सगळ्या गावाला एकच डबा रंग पुरवला व्हय रं?"

मुलीनं तिला आजी म्हणावं म्हणून बायकोनं आधीपासून शिकवून ठेवलं होतं. पण शेजारीपाजारी दादीजी, नानीजी ऐकून पोरीनं पहिल्याच दिवशी हाक मारली, "आजीजी." आईला ते इतकं आवडलं, की पुढं कुणी सुधारायला गेलं की तीच रागवायची. मला जी लावतीय पोरगी, लावू दे, म्हणायची. जन्मात कुणी लावला नाही.

घरात आई होती आणि मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ते काय, हे उमगायला काही दिवस गेले. तिला वास येत नव्हता. साबणाचा यायचा, खोबरेल तेलाचा यायचा. पण तो नाही. मी मुद्दाम जवळ जाऊन बसायचो. ती म्हणायची, लहान झाला का, सरक तिकडं.

आणि तिची बोटं. टीव्हीसमोर बसली की पदराचं टोक दोन्ही हातांत धरून ती वळत राहायची. अंगठा आणि पहिलं बोट, सारखी हालचाल. बायकोच्याही ते लक्षात आलं. मी म्हटलं, हिला करमत नाही. आयुष्यभर जे केलं ते हातातून गेलं, माणूस कसा राहील? मला तिची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. म्हटलं, माझ्यासारखंच हिचंही आहे. हिलाही आठवण येते.

जानेवारीत मला टोंकला जावं लागलं, एका दाव्याच्या चौकशीसाठी. टोंकला घरोघर विड्या वळतात, हे मला माहीत नव्हतं. एका गल्लीत शिरलो आणि पाय थांबले. ओळीनं उंबरे, उंबऱ्यात बायका, मांडीवर सुपं. फक्त डोक्यावरच्या ओढण्या वेगळ्या. वास तोच. मी एका घरापुढं उभा राहिलो आणि त्या बाईंना सांगितलं, माझी आईही हेच काम करते, तिच्यासाठी थोडी पानं आणि तंबाखू मिळेल का. त्यांना वाटलं साहेब चेष्टा करतोय. मग त्यांच्या नवऱ्यानं एका पोत्यात घालून दिली, वर दोऱ्याचं रीळही दिलं. बसमध्ये मी ते पोतं मांडीवर घेऊन बसलो. पाय ठेवायला खाली जागा होती, तरी मांडीवर. जयपुरात उतरून तसाच चांदपोलच्या बाजारात गेलो आणि एक सूप घेतलं. तिकडं त्याला छाजला म्हणतात. घरी येईपर्यंत मी इतका खूश होतो, की ऑटोवाल्याशी गप्पा मारत आलो.

आई हॉलमध्ये तीळ निवडत बसली होती. संक्रांत दुसऱ्या दिवशी होती. मी सूप तिच्यापुढं ठेवलं, त्यात पानं ठेवली, तंबाखूची पुडी सोडली. खोली वासानं भरली. मी वाट बघत उभा.

तिनं हात पुढं केला नाही. तिळाचं ताट उचलून लांब ठेवलं, मग म्हणाली, "हे कुणासाठी आणलं?"

"तुझ्यासाठी. तुला करमत नाही ना."

"कोण म्हणलं?"

मी तिच्या बोटांकडं दाखवलं. म्हटलं, सारखी चालतात.

तिनं आपली बोटं बघितली, जणू दुसऱ्याची असावीत. "ती सवय हाये. मोट सोडली तरी बैल मागं सरतो. म्हणून काय त्याला मोट आवडती?" असं म्हणून तिनं पानं, तंबाखू, दोरा परत पोत्यात घातला, पोतं उचलून बाल्कनीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. बायकोला सांगितलं, पोरीला त्याला हात लावू देऊ नको. सूप तेवढं ठेवून घेतलं. चांगलं सूप आहे म्हणाली, तीळ पाखडायला होईल.

मला राग आला. कुणावर, ते कळत नव्हतं. एवढ्या लांबून मांडीवर घेऊन आलो होतो.

जयपुरात संक्रांतीला घरात कुणी थांबत नाही. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर. पतंगांनी आभाळ भरतं, प्रत्येक छतावर गाणी लावलेली, आणि कुणाचा पतंग कटला की 'वो काटा'चा गलका. आईसाठी खुर्ची वर नेली होती. शेजारच्या बाईंनी फीणी, म्हणजे तिकडची शेवयांसारखी मिठाई, दिली, आईनं तिळगूळ दिला, दोघींचं एकमेकींच्या भाषेत काही अडलं नाही. मुलगी माझ्या हातातल्या मांजाला धरून होती.

पण टाकीमागं बायकामुलांची गर्दी. आईसमोर ओढायचा प्रश्नच नव्हता. तिला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं, पण समोर नाही. दुपारपर्यंत मी कसंबसं काढलं. मग काहीतरी निमित्त सांगून खाली उतरलो, घरामागच्या बोळात जाऊन विडी ओढली. डोक्यावर गलका चाललेला आणि मी भिंतीला टेकून. ओढून झाल्यावर घरात आलो, बेसिनवर नळ सोडला आणि नेहमीसारखे हात घासायला लागलो. कोपरापर्यंत साबण, एकदा, दुसऱ्यांदा. नखं नखांवर घासली.

मागं आई उभी होती. कधी खाली आली होती, कळलं नाही. हातात तिळगुळाचा डबा होता. मी नळ बंद केला नाही.

"एवढं का घासतो?" तिनं विचारलं.

म्हटलं, पोरगी वर वाट बघतेय. तिला उचलायचं तर वास नको.

तिनं माझ्या फेसाळलेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "मी बी अशीच घासायचे. राखेनं. मग चिंचेनं. लिंबू असलं तर लिंबानं. तुला घास भरवायच्या आधी. कातडी सोलायची हातांची, पण तो काय जायचा नाही."

माझे हात फेसात तसेच राहिले. लहानपणचा तो ओला, गार हात पुन्हा माझ्या ओठांपाशी आला. इतक्या वर्षांनी त्याचं कारण मला कळलं होतं.

मी म्हटलं, "आई, मला तर तोच वास आठवतो. इकडं आल्यापासून तेवढाच आठवतो. त्याच्यासाठीच मी..."

तिनं डबा बेसिनच्या कडेवर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. वाहत्या पाण्याकडं बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला तरी लागला नसंल."

मग तिनं नळ बंद केला. पाणी वाया चाललंय, म्हणाली, आणि जिना चढायला लागली.

मी खूप वेळ खाली होतो. डॉक्टरांनी मला क्ष-किरणाची फिल्म दाखवली होती, तिनं काही झालं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांतल्या पाण्यानंही, वाईट वाटतं सांगायला, काही झालं नव्हतं. पण हे एक वाक्य मी बाजूला ठेवू शकलो नाही. मी आईची आठवण म्हणून जे छातीत भरून घेत होतो, ते तिनं माझ्यापासून लांब ठेवायला हात सोलवटून घेतले होते. तिच्या सगळ्या कष्टांतलं हेच एक काम फसलं होतं, आणि त्याला कारण मी, तिचा ग्रॅज्युएट. आणि आता तेच काम मी साबणानं करत होतो. माझ्या मुलीला उद्या बापाची आठवण आली, तर कशाची येईल?

वर गेलो. मुलीनं माझा हात हुंगला, तशी तिची सवयच होती. मग मांजा माझ्या हातात दिला.

खिशातलं बंडल मी त्या दिवशी फेकलं, असं लिहिलं तर छान दिसेल. तसं झालं नाही. ते दोन दिवस शर्टात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत आई दिसली. टोंकची तंबाखू तिनं बादलीत भिजत घातली होती आणि ते काळपट पाणी गाळून बायकोच्या गुलाबांवर मारत होती. गुलाबांवर मावा पडला होता. तंबाखूच्या पाण्यानं कीड मरते, हे मला ठाऊक होतं, सिन्नरला शेतकरी न्यायचे. मी खिशातलं बंडल काढून तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं, एक विडी उलटीपालटी करून दोरा बघितला आणि म्हणाली, "सैल वळलीय." मग एकेकीचा दोरा सोडून सगळी तंबाखू बादलीत टाकली. विड्या उसवायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

एका बंडलानं सुटली असंही नाही. त्या वर्षीचा उन्हाळा मी कसा काढला, ते बायकोला विचारा. चिडचिड, रात्रीची झोप नाही, थडीवरून जाताना पाय ओढायचे. पण आधीसारखा आठवड्यानं पुन्हा घसरलो नाही. कारण तलफ आली की आता उंबरा दिसायचा नाही, मोरी दिसायची. मोरीत वाकून राखेनं हात घासणारी बाई, पाठमोरी. मी हे कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. तरी ते दिसायचं.

आई मार्चमध्ये सिन्नरला परत गेली. ऊन सहन होईना. त्यानंतर दोन हिवाळे ती आली, तिसऱ्याला आली नाही, ती गेल्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा घर सारवलेलं होतं आणि कुठंही कसलाही वास नव्हता. मी कोनाडे बघितले, गोधडी उघडून बघितली. सगळं धुतलेलं होतं.

मी आता विडी ओढत नाही. चौकीदार अजून थडीवर भेटतो, कानामागून काढून बोटांत मऊ करतो, आणि मी चहा तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहतो. तो एक पुढं करतो. सवयीनं. मी मान हलवतो. त्यालाही आता त्याचं काही वाटत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी बायको देवाची तांब्याची भांडी घासायला काढते. चिंच कोळून ठेवलेली असते, चिमूटभर मीठ असतं. राख काही गॅसच्या घरात मिळत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणतो, दे, मी घासतो. तिला वाटतं मदत करतोय. मी तिला तसं वाटू देतो. हात गार होतात, चिंचेचा आंबट वास बोटांना राहतो, आणि मी ते लगेच पुसत नाही.